यंत्र कसं चालवायचं, ते हरिहरास

कल्याण, पारनाका
आश्विन वद्य ३, शके १८१५

हरिहरा,

जिवंत आहेस हे तुझ्या कार्डावरून कळलं. वर्षानंतर सहा ओळी लिहिल्यास, त्यातल्या पाच यंत्राविषयी आणि एक माझ्या गुडघ्यांविषयी. गुडघे जागेवर आहेत. कार्ड तुझ्या आईला वाचून दाखवलं. सगुणाने ते पिठाच्या डब्यात लपवलंय, म्हणजे अक्षरं पुसायला फार दिवस लागायचे नाहीत. तुझ्या बापाला दाखवलं नाही. घरात तुझं नाव काढायचं नाही असं पोपटने ठरवलंय, आणि हा हट्ट कुणाकडून आलाय ते मला कुणी सांगायला नको.

माझं अक्षर लागलं तर वाच, नाहीतर कुणाकडून वाचून घे. लहानपणी ठाण्यात मडमेच्या शाळेत आठ महिने गेलेले, तेही चोळीचा खण मिळायचा म्हणून. खण फाटला, अक्षरं राहिली.

तर इगतपुरीच्या अँब्रोज मिस्त्रीकडे आपल्यासारखंच भोकं पाडायचं यंत्र गंजत पडलंय, आणि ते चालवून दाखवलंस तर तो तुला हमालीतून काढून दुकानात घेणार. चांगलं आहे. पोती वाहायला गाढवंही मिळतात, त्यासाठी लोहाराच्या घरात जन्माला यावं लागत नाही. तू इथं नुसतं चाक फिरवलंस. भोक पाडणारं पातं धरायचं काम आधी तुझ्या आजोबांचं आणि मग तुझ्या बापाचं. म्हणून मला विचारतोस. बरोबर माणसाला विचारलंस. तुझ्या दंडात बळ येईपर्यंत ते चाक मीच फिरवलंय, आणि चाक फिरवणाऱ्याला दुसरा उद्योग नसतो, तो बघत बसतो.

पहिल्यांदा ते कशाला ठोकलंय ते बघ. ते स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. खांबाला पाठ लावून राहतं, पुष्कळ पुरुषांसारखं. खांब ऐनाचा किंवा सागाचा हवा, आणि ओळंबा सोडून सरळ आहे का ते पाहून घ्यायला हवं. आपलं यंत्र आलं त्या दिवशी तुझ्या आजोबांना दम नव्हता. पडवीच्या खांबाला ठोकून मोकळे झाले. खांब बोटभर कललेला. महिनाभर एक भोक सरळ पडेल तर शपथ. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "विलायती भोक असंच असतं." लोक मान डोलवून न्यायचे!

ते आणलं मार्सेल मिस्त्रीने. ठाण्याचा किरिस्ताव, आगगाडीच्या पुलांवर काम करायचा, आणि तुझ्या आजोबांचा लहानपणापासूनचा दोस्त. एका पुलाचं काम संपल्यावर साहेबाने जड म्हणून टाकून दिलेलं ते यंत्र त्याने ठाण्याच्या बंदरावर मचव्यात घातलं आणि भरतीबरोबर कल्याणला आणलं. चौघांनी उचलून दारात ठेवलं. मी म्हटलं, "हे काय, रहाट का?"

मार्सेल म्हणाला, "बाय, आता तुझा घण गेला. आता लोखंड थंडच ठेवायचा, नि भोक पाडायचा."

मला राग आला. त्याआधी आम्ही भोक कसं पाडायचो तुला ठाऊक नाही. पट्टी भट्टीत लाल करायची, ऐरणीवर घ्यायची, तुझे आजोबा टोचा धरायचे आणि मी घण मारायची. ठाण्यात चेंदणीच्या दुकानात असताना सात महिन्यांची पोटुशी होते तरी मारलाय. पोटात तुझा बाप. म्हणूनच त्याचं डोकं असं. मी घण चुकवला असता तर तुझ्या आजोबांचा हात गेला असता, आणि त्यांनी एकदाही हात मागे घेतला नाही. मग एक चाकाचं धूड येतं आणि म्हणतं, बाई, तुझी गरज नाही.

बाकी पुढच्या पत्रात. शाई संपत आली, आणि पोपट जेवायला येईल.

तुझी आजी,
बायजा


आश्विन वद्य ११

हरिहरा,

खांब सरळ आहे म्हणतोस, गंजही काढलास. रॉकेलने काढलास ना? विटकरीने घासलं असशील तर मला सांगू नकोस.

दांडा दोन जागी बसतो तो कशाला, असं विचारलंयस. वरच्या जागी लावलास तर पातं भरभर फिरतं. खालच्या जागी लावलास तर हळू फिरतं पण जोर दुप्पट येतो. बारीक भोकाला वरची जागा, अंगठ्याएवढ्या भोकाला खालची. आजोबांनी पहिल्या आठवड्यात मोठं पातं वरच्या जागी फिरवलं, तेही तेल न घालता. पातं निळं पडलं, त्याचं पाणी उतरलं, आणि ते चिखलात खुपसल्यासारखं मऊ झालं. मार्सेल हसला तर त्याच्यावर ओरडले, "तुझ्या साहेबाचं पोलाद खोटं!" मार्सेल म्हणाला, "पोलाद खरा हाय. तूच हावरा हाय." लोखंडावर भोक पाडताना तिळाचं तेल थेंबथेंब सोडत राहा. पितळेला आणि बिडाला नको, ती कोरडीच बरी. कीस लांब, वेटोळा निघाला तर समज बरं चाललंय. भुगा पडायला लागला तर पात्याला धार नाही.

भोकाची जागा आधी टोच्याने टिंब मारून पक्की कर. नाहीतर पातं नाचतं. आणि काम झाल्यावर जड चाकाला हाताने थांबवू नकोस. थांबेल आपलं आपण.

आता वरच्या लहान चाकाला लावलेली दातेरी चकती. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला की खटका तिचा एक दात पुढे ढकलतो आणि पातं केसभर खाली उतरतं. माणसाने दाबायचं नाही. हेच तुझ्या आजोबांच्या गळी उतरेना. बारीक भोकं हाताच्या सामत्याने पाडण्यात जन्म गेला, सामत्याची मूठ छातीने दाबून दाबून बरगड्यांच्या मधे घट्टा पडलेला. यंत्र आपोआप उतरायला लागलं तेव्हा ते शेजारी उभे राहिले आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. एकदा कमरेवर ठेवले, एकदा पाठीमागे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बायजे, हे आपल्यापेक्षा शहाणं आहे." मी चाक फिरवत होते. मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा."

पुढे बारा वर्षं तसंच चाललं. मी चाक, ते पातं. गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा, रहाटांचे पट्टे, दिवा गावाकडच्या मिठागरांच्या उघाड्यांची, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची, दारं. दुपारी भट्टी थंड असली तरी काम व्हायचं, आणि भाता बंद असल्यामुळे बोललेलं ऐकू यायचं. घणाच्या दिवसांत आम्ही नुसतं ओरडायचो. नवराबायकोने हळू आवाजात बोलायला मला चाळिशी उलटावी लागली. ते काय बोलायचे ते विचारू नकोस. बहुतेक वेळा चुना संपला एवढंच.

एक लक्षात ठेव. काम सुरू करायच्या आधी रोज खटका उचल, आणि चकतीचे दात काडीने कोरून बघ. तेलाचा चिकटा, धूळ, एखादी कणी. तांदळाचा दाणासुद्धा पुरतो. दाणा दातात बसला की खटका त्यावरून घसरतो, पातं उतरत नाही, माणसाला वाटतं यंत्र अडलं, आणि तो वरून जोर करतो. दाणा चिरडला की सगळा जोर एकदम खाली.

यंदा खंडेनवमीला पोपटने सगळी हत्यारं पाटावर मांडली, यंत्र सोडून. त्याच्यावर गोणपाट टाकलंय. भंगारात घालतो म्हणतो. एका डोळ्याने टिंब दिसत नाही त्याला. पातं टिंबावर ठेवायला जातो आणि बोटभर बाजूला ठेवतो. मग कुणी पाहिलं का ते बघतो. मी पाहिलेलं नसतं.

बायजा


कार्तिक शुद्ध ४

हरिहरा,

दिवाळीचं काही लिहीत नाही. तुझ्या आईने करंज्या केल्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत, मुंग्यांनी खाल्ल्या.

तू लिहितोस की चाकाला हात लावला की हात कापतात, आणि अँब्रोज मिस्त्री समोर उभा असताना तू दांडा सोडून बाहेर निघून गेलास. भुकेने कापत असतील. जेवतोस काय तिथं? नुसत्या भाकरीवर राहू नकोस.

आणि लिहितोस की "आजी, त्या दिवशी मी खटका पुसला होता असं मला आधी वाटायचं. वर्षभर आठवतोय. आता वाटतं पुसला नसेन. बाबा म्हणतात तेच खरं असेल."

वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासायला गेले.

भोक आरपार जायची वेळ झाली की सांभाळ. पातं शेवटच्या कडेला चावतं आणि पट्टी गरकन फिरते. पट्टीला मागून लाकडाचा ठोकळा लाव. आणि तेव्हा खटका उचलून ठेव, वरचं चाक हाताने हळूहळू फिरव. शेवट यंत्रावर सोडायचा नाही. हे मार्सेलने शिकवलं, आणि हे एकच आजोबांनी पहिल्या दिवशी ऐकलं.

तू खटका पुसला होतास.

मला कसं ठाऊक ते विचारू नकोस. पुसला होतास, एवढं धरून चाल आणि कामाला लाग.

बायजा


कार्तिक शुद्ध १२

हरिहरा,

एवढं सांगून भागलं नाही तर. पौर्णिमेनंतर मुंबईला बंदरावर कोळसा उपसायला जातोस, लोखंडाला जन्मात हात लावणार नाहीस, आणि "तुझी माया आहे म्हणून तू माझी बाजू घेतेस." हरिहरा, मी जन्मात कुणाची बाजू मायेने घेतलेली नाही. कधी पाहिलंस का मला?

तेव्हा आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही, म्हणून भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच बसलेय.

गेल्या साली श्रावणात तुझे आजोबा गेले. वर्षात सण करायचा नाही, पण भावकी म्हणाली, हत्यारांना सुतक नसतं, खंडेनवमीची पूजा चुकवू नका. नवमीला पोपटने पूजा मांडली. सगळ्यांनी हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. तूही वाहिल्यास. मी भिंतीला टेकून बसलेले. विधवेने तबकाला हात लावायचा नसतो. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही म्हटलं, बरं झालं. जन्मभर मी असल्या पूजेला हसलेय. लोखंडाला तेल कळतं, कुंकू कळत नाही, असं तुझ्या आजोबांच्या तोंडावर सांगायची.

दसऱ्याला पूजा उतरवली. तू यंत्र पुसलंस. मी बघत होते. खटका उचलून, दात काडीने कोरून, फडक्याने पुसलंस. आजोबांनी दाखवलं तस्सं. मग तुम्ही सगळे सोनं लुटायला वेशीबाहेर गेलात. घरात मी एकटी. ऊन पडवीत आलेलं, यंत्र चकचकीत. आणि मला काय झालं मला ठाऊक नाही. तबकात अक्षता उरलेल्या. तुपात कालवलेल्या, कुंकवाने लाल. मी मूठभर घेतल्या आणि त्या यंत्रावर टाकल्या. वर, चकतीवर. आणि तिथं उभी राहून त्याच्याशी बोलले. काय बोलले ते तुला सांगायचं कारण नाही. ते यंत्राशी नव्हतं.

मग तुमची चाहूल लागली. चोरासारखी पदराने दाणे झाडले. वरचे गेले. दातांतले राहिले असतील असं मनातही आलं नाही. म्हातारी रडताना कुणी बघू नये, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते तुला ठाऊक आहे. तू चाक फिरवत होतास. पातं उतरेना. पोपट वाकला, "काय अडलंय ह्याला?" म्हणाला आणि वरचं चाक दोन्ही हातांनी दाबलं. पातं तुटलं आणि तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. सगळे त्याच्याकडे धावले. मी यंत्राकडे गेले. दातात लाल कणी चिरडलेली होती. मी ती पदराने पुसली.

पोपट रक्ताचा चेहरा धरून ओरडत होता, "तूच पुसलं नाहीस! खटका तू पुसला नाहीस!" आणि तू म्हणालास, "पुसला होता, बाबा." एकदाच म्हणालास. मी दोन हात अंतरावर उभी होते, कणी पदरात, आणि बोलले नाही. तेव्हा बोलले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलता आलं नाही. तिसऱ्या दिवशी तू निघून गेलास.

आता तुला काय वाटायचं ते वाटू दे. पण हात कापायचं कारण उरलं नाही.

आजी


कार्तिक वद्य २

हरिहरा,

तुझं कार्ड आलं. "बाबांना सांगितलंस का?" एवढंच. खाली नाव नाही, गुडघ्यांची चौकशी नाही. योग्य केलंस.

नाही सांगितलं.

रोज ठरवते. पोपट कानस घेऊन बसलेला असतो, मी समोर जाते, तो मान वर करतो, आणि उजवा डोळा माझ्यावर लावण्यासाठी सगळं तोंड वळवतो. मग मी विचारते, "भात घालू का?" परवा तीनदा भात घातला. तो म्हणाला, "आये, माझं पोट आहे का बारदान?"

मी कुणाला भ्यायले नाही. सासूला नाही, गोऱ्या साहेबाला नाही, एकदा दुकानात नाग निघाला त्याला नाही. पोटच्या पोराला भितेय. हसायचं तर हस.

पण मुंबईला गेला नाहीस. कार्डावर इगतपुरीचा शिक्का आहे. तो मी दोनदा पाहिला.

बायजा


कार्तिक वद्य ६

हरिहरा,

सांगितलं.

काल सकाळी दुकानात भंगारवाला आला. यंत्र बघून म्हणाला, तोडून नेतो. पोपट म्हणाला, "ने." भंगारवाल्याने घणाला हात घातला तेव्हा मी आडवी गेले. भंगारवाल्यासमोरच बोलले. पोपटला एकट्याला गाठून बोलायची हिंमत नव्हती, तिऱ्हाईत उभा होता म्हणून जमलं. कुंकू, अक्षता, लाल कणी, पदर, सगळं. तुला लिहिलं त्याच क्रमाने. सगुणा दारात होती, तिनेही ऐकलं.

भंगारवाला म्हणाला, "मी मग येतो," आणि पळाला.

पोपटने गोणपाट काढलं. मला म्हणाला, "कुठं?" मी चकतीवर बोट ठेवलं. त्याने खटका उचलला, दातांवरून अंगठा फिरवला, एकेक दात. सगळी चकती फिरवली. मग म्हणाला,

"अप्पा गेले तेव्हा तू रडली नाहीस. तेराव्याला आमटीत मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्याशी भांडलीस. मी म्हटलं, हिला काही वाटलंच नाही."

मी म्हटलं, "वाटलं, म्हणून तर तुझा डोळा गेला."

त्याने खटका खाली सोडला. मग, "डोळा एक. त्याचं काय ते मी बघेन. पोराचं वर्ष गेलं, आये. त्याचं काय करू?" तो उठून बंदराकडे गेला. जेवायला आला नाही.

सगुणा माझ्याशी बोलत नाही. ताट आणून ठेवते, तोंड फिरवून जाते. आमटी मात्र चांगली करते, तेवढी माणुसकी तिच्यात आहे. तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही. तिचा मुलगा वर्षभर घराबाहेर होता.

आज सकाळी पोपटने विचारलं, "इगतपुरीला गाडी किती वाजता पोचते?" मी म्हटलं, मी येऊ का बरोबर. म्हणाला, "तू नको." माझी जागा कुठं आहे ते मला कळलं. ती मी मुकाट्याने घेतली. तू परत आलास आणि माझ्याशी बोलला नाहीस तर तेही घेईन. येताना अँब्रोज मिस्त्रीला सांगून ये, त्याचं काम अर्ध्यावर टाकू नकोस. पाहिजे तर पोपट थांबेल दोन दिवस. तुझ्या हातचं भोक बघून घेईल.

तो परवा दुपारच्या गाडीने येतोय. एकटा एवढ्या लांब कधी गेलेला नाही. ठेसणावर जा. पाया पडायची घाई करू नकोस, त्याला खाली वाकलेलं माणूस चटकन दिसत नाही, तो धडकेल. काय बोलेल मला ठाऊक नाही. बहुतेक लोखंडाविषयीच बोलेल. त्याला बोलू दे. आणि गर्दीत लांबून हाक मारू नकोस, तो कावराबावरा होऊन भलतीकडेच बघत बसेल. जवळ जा, आणि त्याच्या उजव्या अंगाला उभा राहा. डाव्या बाजूने गेलास तर तू आलायस हे त्याला कळायचंही नाही, आणि पोरगा भेटायला आला नाही असं समजून तो पुढे चालायला लागेल.